परीक्षेनंतरची उजळणी : निवासी डॉक्टर होणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

दरवर्षी पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, की पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या आपल्या भागातील एखाद्या घरातून कोणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन भेटावयास येते. "काका, मेडिसिन मिळाले", "सर, बालरोग मिळाले", असे सांगताना त्या मुलांच्या मागे उभ्या असलेल्या आईवडिलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ज्यांचे वाडवडील यंत्रमागाच्या आणि कापडाच्या कामासाठी सुरतेस आले, त्या घरांतली ही मुले. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांतून वाट काढीत ती येथवर पोहोचली आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

पेढा तोंडात टाकल्यावर मी त्यांना एकच प्रश्न विचारतो, "रुजू होण्यास किती दिवस आहेत, आणि या दिवसांत काय वाचणार?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "आता कशाला काका? परीक्षा तर झाली!" आपल्या डॉक्टर मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी अभ्यासपर लेख लिहिण्यास सांगितले, तेव्हा याच उत्तरावर चार शब्द लिहावे असे मी ठरविले. लेख मुख्यतः नव्याने निवासी डॉक्टर होणाऱ्यांसाठी आहे. तथापि समाजबांधवांनीही तो वाचावा, कारण या मुलांच्या हाती उद्या आपल्यातलेच कोणी रुग्ण म्हणून येणार आहे.

परीक्षेतले ज्ञान आणि खाटेजवळचे ज्ञान

नीट-पीजीच्या परीक्षेत साडेतीन तासांत २०० प्रश्न सोडवावे लागतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. ही परीक्षा अवघड आहे आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यांच्या बुद्धीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तिच्यात जे काम करावे लागते, ते वॉर्डातल्या कामापेक्षा एका बाबतीत अगदी उलट आहे.

पाठ्यपुस्तक रोगापासून सुरू होते. वर रोगाचे नाव, खाली कारण, मग लक्षणे, तपासण्या आणि उपचार. रुग्ण मात्र लक्षण घेऊन येतो आणि रोगाचे नाव आपल्याला शोधावे लागते. परीक्षेत चार पर्याय छापून मिळतात, त्यांत उत्तर कोठेतरी असतेच. रुग्ण पर्याय देत नाही. ते डॉक्टरलाच मनात तयार करावे लागतात, आणि जो पर्याय मनात आलाच नाही तो निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय आंतरवासितेचे वर्ष अनेकदा अभ्यासिकेत जाते, त्यानंतर कोणी आणखी एक वर्ष परीक्षेसाठी देतो. एवढ्या काळात रोगांची नावे व आकडे तोंडपाठ होतात, पण रुग्णाच्या शरीरावर हात ठेवण्याची सवय मोडते. म्हणून परीक्षेनंतरची उजळणी म्हणजे तीच पुस्तके पुन्हा वाचणे नव्हे. आहे तेच ज्ञान उलट्या दिशेने, म्हणजे लक्षणाकडून रोगाकडे, नव्याने लावून घेणे, असा तिचा अर्थ आहे.

माझी एक चूक

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. त्याची किंमत मी पाहिलेली आहे.

निवासी डॉक्टर म्हणून माझा पहिला पावसाळा होता. एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीला असताना चौतीस-पस्तीस वर्षांचा एक माग कामगार ताप घेऊन आला. ताप चार दिवसांचा, डोळे लाल, किंचित पिवळसर. माणूस खानदेशातला, बोलणे अहिराणी. तो मला म्हणाला, "आंग दुखस, पोटऱ्या दुखतस." ती माझ्या आजीची भाषा, तेव्हा मला ती समजली नाही असे म्हणण्याची सोय नाही. पण केसपेपरवर मी इंग्रजीत एकच शब्द लिहिला, ज्याचा अर्थ 'अंगदुखी' असा होतो. त्याच्या पोटऱ्या त्या कागदावर उतरल्याच नाहीत.

मलेरियासाठी रक्ताची काच पाठविली, ती निर्दोष आली. कावीळ दिसत होती म्हणून विषाणूजन्य काविळीचा संशय लिहिला, सलाइन लावले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. लघवी किती होते हे मी विचारले नाही. तो कोठून चालत कामावर जातो, हेही विचारले नाही. दोन दिवसांनी आमचे वरिष्ठ सर फेरीवर आले. त्यांनी त्याच्या पोटरीवर नुसता अंगठा दाबला आणि तो माणूस कळवळला. सरांनी दोन प्रश्न विचारले. पहिल्याचे उत्तर, कालपासून लघवी जवळजवळ नाही. दुसऱ्याचे उत्तर, खाडीचे पाणी गल्लीत शिरले होते आणि आठवडाभर तो त्यातूनच अनवाणी कामावर जात होता. सरांनी त्याच क्षणी पेनिसिलिन सुरू करण्यास सांगितले. परंतु तोवर मूत्रपिंडे थकली होती. तिसऱ्या दिवशी थुंकीतून रक्त पडू लागले आणि त्या रात्री तो गेला.

दोन दिवस आधी औषध मिळाले असते तर तो वाचलाच असता, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. लेप्टोस्पायरोसिसचा तीव्र प्रकार उपचार सुरू असतानाही माणूस नेतो. परंतु ती संधी मी त्याला दिली नाही, एवढे खरे. त्याची पत्नी मला एवढेच म्हणाली, "त्यासनी सांगं व्हतं ना, पोटऱ्या दुखतस." त्यांनी सांगितले होते. आणि वाईल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगावरचा प्रश्न मी परीक्षेत बरोबर सोडविला होता. म्हणजे ज्ञान माझ्याजवळ होते, पण ते ज्या कप्प्यात होते त्या कप्प्यावर 'ताप आणि पोटरी' असे लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तो तुम्हांलाही सांगतो. केसपेपरवरची पहिली ओळ रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी. भाषांतर दुसऱ्या ओळीत करावे.

उजळणीचा पहिला धडा : पावसाळ्यातील ताप

सुरतेत आणि एकूण दक्षिण गुजरातेत जून ते ऑक्टोबर या काळात येणारा बहुतेक रुग्ण 'ताप' हाच शब्द घेऊन येतो. म्हणून उजळणीची सुरुवात येथून करावी. पुस्तक उघडण्यापूर्वी चार प्रश्न पाठ करावेत : ताप येऊन आज कितवा दिवस? पाण्याशी, चिखलाशी, शेताशी, उंदरांशी संबंध आला काय? लघवी कशी व किती? घरात, गल्लीत वा कारखान्यात आणखी कोणाला असेच झाले आहे काय? या चार उत्तरांनी पुढची वाट पुष्कळशी ठरते.

*लेप्टोस्पायरोसिस.* उंदरांच्या व जनावरांच्या लघवीने दूषित झालेले पाणी त्वचेवरील बारीकसारीक जखमांतून रोगजंतू आत नेते. दक्षिण गुजरातेत भाताच्या व उसाच्या शेतात राबणाऱ्यांना हा रोग अधिक, परंतु खाडीचे पाणी वस्तीत शिरले की शहरातला माणूसही सुटत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतांश भाग बुडाला होता, हे येथील जुन्या रहिवाशांना सांगावयास नको. खुणा लक्षात ठेवा : चिकटा नसलेले लाल डोळे, दाबल्यावर दुखणारी पोटरी, कावीळ आणि घटलेली लघवी. विषाणूजन्य काविळीत यकृताची एन्झाइमे हजारांच्या घरात जातात. येथे बिलिरुबिन बरेच वाढलेले असताना एन्झाइमे त्या मानाने थोडीच वाढतात, आणि स्नायूंचे एन्झाइम सीपीके चढलेले असते. प्रतिद्रव्यांची तपासणी पहिल्या पाच-सात दिवसांत निर्दोष येऊ शकते, म्हणून संशय बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन किंवा सौम्य रुग्णात डॉक्सिसायक्लिन सुरू करावे.

*डेंग्यू.* ताप उतरला म्हणजे रुग्ण बरा झाला, हा समज येथे घातक ठरतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरत असतानाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, आणि पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. सतत पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गळाठा किंवा अस्वस्थता, वाढलेले यकृत, चढणारे हिमॅटोक्रिट व त्याच वेळी उतरणारे प्लेटलेट, या धोक्याच्या खुणा आहेत. वरचा व खालचा रक्तदाब यांतील अंतर २० पर्यंत घसरले तर रुग्ण धक्क्याच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे, मग वरचा आकडा चांगला दिसत असला तरी. एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. डॉक्टरने नाडी, लघवी आणि हिमॅटोक्रिटकडे लक्ष ठेवावे. रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट देण्याने लाभ होत नाही. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे.

*मलेरिया.* एक काच निर्दोष आली म्हणून मलेरिया नाही असे होत नाही. संशय असेल तर तपासणी पुन्हा करावी. व्हायवॅक्समध्ये क्लोरोक्विननंतर १४ दिवस प्रायमाक्विन पूर्ण न झाल्यास रोग यकृतात दडून राहतो व परत उलटतो. गर्भवती, तान्ही बालके आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेले रुग्ण यांना प्रायमाक्विन देऊ नये. फाल्सिपेरममध्ये गुंगी, झटके, कावीळ, धाप, काळसर लघवी यांपैकी काहीही दिसल्यास गोळ्यांवर विसंबू नये. शिरेतून आर्टेसुनेट द्यावे, पहिल्या दिवशी शून्य, बारा व चोवीस तासांना.

*सिकलसेलचा रुग्ण आणि ताप.* सातपुड्यातून, नंदुरबार, तापी व डांग भागातून आलेली आदिवासी कुटुंबे आपल्या आसपास राहतात. या समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. केंद्र सरकारने त्यासाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियानही सुरू केले. या रुग्णांची प्लीहा निकामी झालेली असते, त्यामुळे त्यांचा ताप ही तातडीची बाब आहे. प्रतिजैविकास विलंब करू नये. ताप, छातीत दुखणे आणि धाप एकत्र आल्यास छातीचा एक्स-रे त्वरित काढावा. आणि असा रुग्ण वेदनेने विव्हळत वारंवार इंजेक्शन मागतो, तेव्हा त्याला व्यसनी ठरवू नये. त्या वेदना खऱ्या असतात.

*अंगभर पाहणे.* स्क्रब टायफसमध्ये किड्याच्या चाव्याच्या जागी काळी खपली येते. ती बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली, म्हणजे जेथे कोणी पाहत नाही तेथे असते. ती दिसली तर निदान तेथेच होते आणि डॉक्सिसायक्लिनने रुग्ण दोन दिवसांत ताजातवाना होतो. तापाच्या रुग्णाला आडोसा करून, त्याची परवानगी घेऊन, नखशिखांत पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणू नये.

'आणखी कोणाला?' हा प्रश्न : १९९४ ची आठवण

वरच्या चार प्रश्नांतील शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व सुरतेइतके दुसऱ्या कोणत्या शहराने जाणले असेल? सप्टेंबर १९९४ मध्ये, पुराचे पाणी ओसरल्यानंतर, येथील रुग्णालयांत ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि झपाट्याने वाढणारी धाप अशी तरुण माणसे एकापाठोपाठ येऊ लागली. एकेका रुग्णाकडे सुटे पाहिले असते तर तो न्यूमोनिया होता. ते सर्व एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावरच फुप्फुसाच्या प्लेगचा संशय आला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, लाखो लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले, आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी रांगा लागल्या. हा प्लेगच होता काय, यावर पुढे बराच वाद झाला. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची स्वच्छता कशी पालटली, हेही सर्वश्रुत आहे.

तरुण डॉक्टरांनी त्यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. एकाच वस्तीतून एकाच आठवड्यात न शोभणारे तीन रुग्ण आले, तर ते आपल्या वहीत एकत्र लिहावेत, वरिष्ठांना सांगावे आणि रोग सर्वेक्षण विभागास कळवावे. निदान पक्के होईपर्यंत थांबू नये. रुग्णाला वेगळे ठेवणे आणि स्वतः मास्क लावणे, या दोन गोष्टींना अहवाल लागत नाही.

पहिल्या रात्रीचे पाच प्रसंग

ताप विचार करण्यास थोडा वेळ देतो. पुढील पाच प्रसंग तो देत नाहीत. म्हणून त्यांतील पहिल्या दहा मिनिटांची कृती न अडखळता सांगता आली पाहिजे.

१. *छातीतील वा पोटाच्या वरच्या भागातील दुखणे.* 'गॅस झाला' असे सांगणारा चाळिशीपुढचा रुग्ण, विशेषतः मधुमेही, आला तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका अनेकदा पोटदुखी व उलटीच्या रूपाने येतो. अशा वेळी उजव्या बाजूचा ईसीजी पाहिल्याशिवाय जिभेखाली नायट्रेट ठेवू नये, रक्तदाब कोसळू शकतो.

२. *पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या.* जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण नसते, कारण मण्यारीचा दंश बहुधा सुजत नाही व दुखतही नाही. हा सर्पदंश आहे हे मनात येणे, एवढ्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. श्वासाची तयारी ठेवून प्रतिसर्पविष द्यावे. घोणस व फुरसे यांच्या दंशात कोरड्या काचनळीत रक्त २० मिनिटे स्थिर ठेवून गोठते की नाही ते पाहावे. बालकाला प्रतिसर्पविषाची मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेले नसते.

३. *कीटकनाशक प्राशन.* खानदेशात आणि येथेही हे प्रसंग थोडे नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेत अॅट्रोपीन दर पाच मिनिटांनी दुप्पट करीत जावे. पुरेसे झाले हे फुप्फुसे कोरडी होणे, नाडी ८० च्या वर जाणे व रक्तदाब सावरणे यावरून ठरवावे, बाहुली मोठी होण्यावरून नव्हे.

४. *इंजेक्शननंतर अंगावर गांधी, घरघर, कोसळता रक्तदाब.* पहिले औषध अॅड्रेनॅलिन, मोठ्या माणसास अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. स्टेरॉइड व अॅव्हिल नंतर. हा क्रम उलटा झाल्याने जीव गेलेले आहेत.

५. *मधुमेही रुग्णाची खोल, जलद धाप.* साखर व किटोन पाहावे, सलाइन सुरू करावे. पोटॅशियमचा आकडा हाती आल्याशिवाय मात्र इन्सुलिन सुरू करू नये.

खेड्यातील एका डॉक्टरचे उदाहरण

कोणी म्हणेल, हे सर्व पुस्तकात आहेच. परंतु पुस्तकात तरी ते कोठून आले? रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथे १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले फुप्फुसात पाणी भरून दगावत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून काय आधी होते व काय नंतर, हे तासातासाला लिहीत गेले. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, या खुणा हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहेत, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'ने छापले. त्यामुळे या दंशाने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या यंत्रसामग्रीवाचून, केवळ पाहणे आणि लिहून ठेवणे यांच्या बळावर हे घडले. पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणे आवश्यक झाले आहे. त्याकडे शिक्षा म्हणून न पाहता बिरवाडीकडे पाहावे, त्याप्रमाणे पाहावे, असे मी सुचवितो.

पंधरा दिवसांची आखणी

आता प्रत्यक्ष उजळणी कशी करावी ते सांगतो.

रोज एकच लक्षण निवडावे : ताप, धाप, छातीत दुखणे, पोटदुखी, बेशुद्धी, झटके, कावीळ, रक्ताची उलटी, लघवी बंद होणे, एका बाजूचा लुळेपणा, सूज, विषबाधा, दंश, बालकाचा जुलाब, गर्भवतीचा वाढलेला रक्तदाब. हे झाले पंधरा दिवस. पुस्तक मिटलेले असताना एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : मी काय विचारीन, काय तपासीन, पहिल्या दहा मिनिटांत काय करीन, आणि कोणते निदान कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये. त्यानंतरच पुस्तक उघडावे आणि राहिलेले लाल शाईने भरावे. ती लाल शाई हाच तुमचा खरा अभ्यासक्रम.

मिटलेल्या पुस्तकावर माझा एवढा भर का, हेही सांगतो. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखविले, की शिकलेले ज्ञान पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वांत वेगाने विसरले जाते. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुनःपुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून आज लिहिलेला कागद उद्या, चार दिवसांनी आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा कोरा लिहून पाहावा.

दुसरे, घरच्या दहा निरोगी माणसांना नीट तपासावे. आईची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, वडिलांच्या मानेतील शीर पाहा, भावाच्या छातीवर स्टेथॉस्कोप ठेवून श्वास ऐका. निरोगी काय, हे हाताला व कानाला ठाऊक असले तरच बिघडलेले ओळखू येते.

तिसरे, दोघे मित्र समोरासमोर बसावे. एकाने रुग्ण व्हावे आणि अहिराणीत, गुजरातीत किंवा हिंदीत तक्रार सांगावी. दुसऱ्याने प्रश्न विचारावेत. आपल्या मुलांना तीन भाषा येतात, ही मोठी ठेव आहे. इंग्रजीत विचार करण्याच्या नादात ती वाया घालवू नका.

चौथे, खिशात एक छोटी वही ठेवावी. तिच्यात तातडीच्या औषधांच्या मात्रा स्वतःच्या हाताने लिहाव्यात आणि रुजू झाल्यावर आपल्या विभागाच्या पद्धतीशी पडताळून घ्याव्यात.

पाचवे आणि सर्वांत अवघड : "सर, मला हे समजत नाही, कृपया येऊन पाहा," हे वाक्य मोठ्याने म्हणण्याचा सराव करावा. मध्यरात्री वरिष्ठांना उठविण्याचा संकोच मला होता. त्या माग कामगाराच्या रात्री मी फोन उचलला असता तर, हा विचार अजूनही मला सोडीत नाही. अनुभवी सिस्टर "डॉक्टर, हा पेशंट मला ठीक वाटत नाही" असे म्हणाल्या, तर हातातले काम बाजूला ठेवून आधी तेथे जावे.

समाजबांधवांसाठी थोडेसे

रुग्णालयात येताना जुने कागद आणि चालू औषधांची पाकिटे सोबत आणा. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लक्षात ठेवा. सर्पदंशात दोरी आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. रुग्णाला आडवा ठेवून, न हालवता, थेट रुग्णालयात आणा. पुराच्या पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरने विचारण्यापूर्वीच सांगा. दुखते कोठे ते बोट ठेवून दाखवा, आणि डॉक्टरने ऐकले नाही असे वाटले तर पुन्हा सांगा. समोरचा निवासी डॉक्टर कदाचित तीस तास झोपलेला नसेल. त्याच्यावर आवाज चढविल्याने त्याचे लक्ष रुग्णावरून उडते, आणि त्यात नुकसान आपलेच असते.

शेवटी तरुण मित्रांनो, तुमच्या पेढ्यांचे ऋण मी या लेखाने फेडले असे समजतो. पुढील वर्षी भेटाल तेव्हा मला गुण वा क्रमांक सांगू नका. पावसाळ्यात आलेल्या एखाद्या तापाच्या रुग्णाने कोणत्या शब्दांत तक्रार सांगितली आणि त्या शब्दांनी तुम्हांला कोठे नेले, ते सांगा. ते ऐकण्यास मी उत्सुक आहे.